उजेड लागू द्यायचा नाही

फोटो हलवू नका. हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा बोलले असेन, तितक्या वेळा नवऱ्याला जेवायलाही हाक मारली नसेल. कॅमेऱ्याच्या तोंडातून फोटो बाहेर आला रे आला की माणसं तो पंख्यासारखा हलवायला लागतात. कोणी शिकवलं त्यांना, देव जाणे. अहो, ते काय ओलं कापड आहे का वाळत घालायला? हा फोटो जागच्या जागी तयार होतो. बाहेर पडतो तेव्हा कोराच दिसतो, आतलं रसायन नुकतं पसरलेलं असतं, आणि त्या सुरुवातीच्या क्षणांत त्याला उजेड लागला की गेला. पिवळट, धुरकट, निम्मा पुसलेला. मग लोक माझ्या नावाने खडे फोडायला मोकळे.

म्हणून माझ्या कॅमेऱ्याच्या तोंडाशी काळ्या प्लॅस्टिकची एक गुंडाळी बसवलेली असते. फोटो सरकत बाहेर येतो तशी ती त्याच्यावर उलगडत जाते आणि त्याला झाकून घेते. मी तिला जीभ म्हणते. त्या जिभेखालून फोटो अलगद ओढायचा आणि पालथा करून काळ्या पिशवीत टाकायचा. चहा पिऊन होईपर्यंत त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. एवढं केलं की माणूस नीट उमटतो, आणि एकदा उमटला की मग खुशाल भिंतीवर लावा.

हा कॅमेरा घेऊन मी महिन्यातून एकदा बायकांच्या तुरुंगात जाते. तिथे मोबाइल चालत नाही, साधा डिजिटल कॅमेराही चालत नाही, कारण त्यात फोटो साठून राहतात आणि कुठे जातील याचा नेम नसतो. माझ्या कॅमेऱ्यात मागे काही उरत नाही. एक फोटो निघतो, त्याची दुसरी प्रत नसते. साहेबलोकांना तेच हवं असतं. भेटीच्या खोलीत कैदी बाई आणि तिला भेटायला आलेली माणसं बाकावर बसतात, मी फोटो काढते, पहाऱ्यावरची बाई मागे शिक्का मारते, झालं. पहाऱ्यावर जी बाई असते तिला मी मनातल्या मनात शिट्टी म्हणते. गळ्यात शिट्टी असते आणि बोलतेही तशीच, तुटक आणि कानात घुसणारं.

त्या दिवशी फाटकावर नवा साहेब होता. त्याने माझी पिशवी उलटी केली, कॅमेरा हातात घेतला, त्याच्या तोंडाशी बोट घातलं आणि जीभ ओढून बघितली.

"हे काय आहे?"

"झाकण आहे. फोटोला उजेड लागू नये म्हणून."

"म्हणजे याच्याखाली वस्तू लपते."

"वस्तू नाही हो, फोटो लपतो! तोही घटकाभर."

"लपतो ना? मग नाही चालणार," तो म्हणाला, आणि मी तोंड उघडायच्या आत त्याने ती जीभ कट्कन उपसून काढली. काळी पिशवीही ठेवून घेतली. "जाताना घेऊन जा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, साहेब, तुमच्या घरी बाळ जन्मलं की त्याला भर उन्हात ठेवता का हो? तो म्हणाला, बाई, रांग अडवू नका. माझा स्वभाव माझ्या घरच्यांना ठाऊक आहे, मी तिथून सरळ घरी निघून आले असते. पण त्या दिवशी जाणं भागच होतं. आत भिंगरी वाट बघत होती.

भिंगरी म्हणजे तुरुंगातल्या शिवणखात्यात काम करणाऱ्या एका कैदी बाईची मुलगी. ती तिथेच जन्मली. एका जागी उभी राहत नाही, सारखी गोल गोल फिरते, म्हणून सगळ्या बायकांनी मिळून ते नाव ठेवलेलं. आईबरोबर आत राहायचं ते सहा वर्षांचं होईपर्यंत, असा तिथला नियम. भिंगरीला सहा वर्षं पूर्ण झाली होती आणि तिची मावशी तिला न्यायला येणार होती. आईची अजून बरीच वर्षं बाकी होती. तिने काय केलं होतं ते मी कधी विचारलं नाही. मी फोटो काढते, न्याय करत नाही.

मागच्या महिन्यात तिच्या आईने, शिवणवालीने, मला बाजूला घेतलं होतं. "काकू," ती म्हणाली, "ताईने सांगितलंय, पोरीला सांभाळीन, पण परत इथे आणणार नाही. तिचं पण बरोबर आहे म्हणा. या भिंतींची आठवण कशाला? पण सहा वर्षांची आहे हो. वर्षभरात माझा चेहरा विसरेल. एक फोटो नीट काढून द्या मला. माझा नको, आमचा."

जाणाऱ्या मुलाच्या वेळी दोन फोटो काढायची परवानगी असते. एक आईला आत राहतो, दुसरा मुलाबरोबर बाहेर जातो. मी तिला सांगितलं होतं, अगं, चेहरा काय, पापणीचा केसन् केस दाखवते बघ. मोठ्या तोंडाने बोलून बसले होते.

भेटीच्या खोलीत गेले तर मायलेकी बाकावर बसलेल्या. भिंगरीच्या अंगावर गडद निळा नवा फ्रॉक, आईनेच शिवलेला. जाड कापडाचा, पुढे एक खोल खिसा, त्याला आतून अस्तर. असला खिसा मी दुकानात पैसे मोजूनही बघितला नाही. मावशी समोरच्या बाकावर, पर्स मांडीवर घट्ट धरून, बहिणीकडे न बघता बसली होती. डोक्यावर ट्यूबलाइटच्या रांगा. त्या खोलीतले दिवे कधी मालवत नाहीत, आणि बायका झोपतात तिथलेही नाही. रात्रभर लख्ख. भिंगरीने दिवा मालवलेली खोली जन्मात बघितली नव्हती.

मी शिट्टीला म्हटलं, "तुमच्या साहेबाने माझं झाकण काढून घेतलंय. मी फोटो जाकिटाखाली धरते."

"नाही. फोटो निघाल्यापासून शिक्का बसेपर्यंत दिसत राहिला पाहिजे. नवा नियम आहे."

"अहो, दिसत राहिला तर त्यात काही दिसणारच नाही!"

"बाई, मी नियम केलेला नाही."

काय करणार? पहिला फोटो काढला. बाहेर येताना मी दोन्ही हातांची ओंजळ त्याच्यावर धरायला गेले, तशी तिने शिट्टी वाजवली. माझे हात आपोआप मागे आले. फोटो त्या पांढऱ्या उजेडात उघडा पडला. आम्ही सगळ्या त्याच्याकडे बघत उभ्या राहिलो. हळूहळू रंग आले, आधी निळा फ्रॉक आला, मग भिंगरीचं हसू धुक्यातून आल्यासारखं आलं. आईच्या जागी मात्र पिवळसर पट्टा. खांदे होते, हात होता, मान होती. वर काहीच नाही.

  शिवणवालीने फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "हा मला राहू दे काकू. यात भिंगरी आली आहे. तिला द्यायचा तेवढा नीट काढा."

आता एकच राहिला होता. मला रडूही येत होतं आणि रागही येत होता, आणि मला दोन्ही एकदम आलं की मी फक्त भांडते. मी शिट्टीच्या अंगावर धावून गेले म्हटलं तरी चालेल. "बघितलंत? बघितलंत ना तुमच्या नियमाने काय केलं? ही पोर आज जाणार, परत येणार नाही. तिला काय हा पट्टा दाखवून सांगायचं, ही बघ तुझी आई?"

शिट्टी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने त्या फोटोकडे बघितलं. मला वाटलं आता मला हाकलणार. पण ती भिंगरीजवळ गेली, तिच्या फ्रॉकच्या खिशात हात घालून चाचपला, खिसा उलटा करून परत सुलटा केला.

"या मुलीची झडती झालेली आहे," ती तिच्या त्याच तुटक आवाजात म्हणाली. "खिसा रिकामा आहे. त्यात काय जातं ते मला इथून दिसतंय. शिक्का मारायला फोटो बाहेर काढावा लागेल, तो कसा काढणार? जाऊ दे. दुसऱ्या कागदावर मारून देते."

मला समजायला क्षणभर वेळ लागला. मग मी आईला बाकावर बसवलं, भिंगरीला तिच्या मांडीशी उभं केलं, फोटो घेतला आणि कॅमेरा तसाच्या तसा खाली नेऊन त्याचं तोंड भिंगरीच्या खिशाच्या तोंडाला लावलं. यंत्र जुनं, फोटो सोडायला जरा वेळ घेतं. ते कुरकुरलं आणि फोटो बाहेर सरकता सरकता सरळ त्या अस्तरात उतरला. मी खिशाचं तोंड चिमटीत धरून बंद केलं.

"हे बघ भिंगरी," मी म्हटलं, "आता हे काम तुझं. यात आई आहे, पण ती अजून तयार व्हायची आहे. उजेड लागला तर ती पुसून जाईल, मघाशी गेली तशी. म्हणून बघायचं नाही. काढायचं नाही. उजेड लागू द्यायचा नाही. मी सांगेपर्यंत. कळलं?"

तिने दोन्ही हात खिशावर ठेवले आणि मान हलवली. ती एकदाही गोल फिरली नाही.

तेवढ्यात भेट संपल्याची घंटा झाली. आणि मग जे व्हायचं ते झालं. मावशी उठली, शिट्टी मधे आली, आईने लेकीला पोटाशी धरलं ते सोडवता सोडवेना. माझ्याच्याने बघवेना, म्हणून मी खाली बघून कॅमेरा पिशवीत भरत बसले. वर बघितलं तर पोर दारातून गेलेली. मी धावले, पण फाटकावर साहेब आडवा. जीभ घ्या, पिशवी घ्या, इथे सही करा. मी त्याला चार शब्द सुनावले, त्याने मला पाच सुनावले, आणि रस्त्यावर आले तेव्हा बस निघून गेली होती.

पुढच्या महिन्यात गेले तेव्हा नवा साहेब जरा निवळला होता. शिट्टीने तो खराब फोटो त्याला नेऊन दाखवला होता म्हणे. जीभ लावूनच मला आत सोडलं. शिवणवाली मशीन सोडून आली आणि पहिला प्रश्न: "काकू, आला का हो तो फोटो? माझा चेहरा आला?"

मी म्हटलं, "आलाच असणार." पण मला काय ठाऊक? मी तरी कुठे बघितला होता? फोटो खिशात दुमडला असेल, रसायन नीट पसरलं नसेल, कशाची म्हणून खात्री नव्हती. माझ्या आवाजावरून तिने ते ओळखलं. ती "बरं" म्हणाली आणि खाली बघत राहिली. त्या "बरं"ने माझी झोप उडवली. शेवटी मी तिच्याकडूनच मावशीचा ठावठिकाणा घेतला आणि पुढच्या सुट्टीच्या दिवशी बसमध्ये बसले. कॅमेरा बरोबर होताच, तो काही मी घरी ठेवत नाही.

मावशी एका लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. मला ओळखलं, पण हसली नाही. इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाली, "बरं झालं आलात. तुम्हीच निस्तरा आता. पोरीचं काय करू मला कळत नाही."

"का? काय झालं?"

"झोपत नाही हो. टक्क जागी असते. तिला अंधाराची सवय नाही, हे मला माहीतच नव्हतं. पहिल्या रात्री दिवा घालवला तर थरथर कापायला लागली. मी म्हटलं, लावून ठेवते बाई, त्यात काय एवढं. तर नको म्हणते! दिवा लावायचा नाही. अंथरुणात पडून असते, डोळे सताड उघडे, माझा हात धरून. पण दिवा लावू देत नाही. लावला की उठून घालवते."

"पण का?"

"तो फोटो! फ्रॉक उशीखाली घेऊन झोपते. म्हणते, कापडातून उजेड आत जाईल. खिसा मला शिवून घ्यायला लावला तिने. मी एकदा उसवायला गेले तर अशी किंचाळली की खालची माणसं वर आली. फोटोआजीने सांगितलंय म्हणते. फोटोआजी सांगेपर्यंत नाही."

मी तिथे कपड्यांच्या ढिगावर मटकन बसले. मी सांगेपर्यंत. मी बोलून गेले होते आणि विसरूनही गेले होते, आणि त्या एवढ्याशा पोरीने माझा शब्द रोज रात्री अंधारात धरून ठेवला होता. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"तुम्हाला नाही वाटलं कधी बघावंसं?" मी मावशीला विचारलं.

तिने टेबलावरच्या शर्टाची घडी घातली. मग म्हणाली, "मला बहिणीचं तोंड बघायचं नव्हतं. खोटं कशाला बोलू?"

खोली लाँड्रीच्या वर होती. खिडकीला जाड पडदा ओढलेला, तोही भिंगरीनेच. ती कोपऱ्यात बसली होती. मला बघितल्यावर धावत आली नाही. सावकाश उठली आणि उशीखालून निळा फ्रॉक काढून छातीशी धरला.

"फोटोआजी, झाली का आई तयार?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या! तोंडाळ म्हणून गावभर जिची ख्याती, तिच्या. मी नुसती मान हलवली. मग म्हटलं, "हो गं सोन्या. केव्हाच झाली. माझंच चुकलं, मला यायला उशीर झाला."

मी कात्री मागितली, पण भिंगरीने ती घेतली नाही. सुई मागितली. शिवणखात्यात आईच्या पायाशी बसून वाढलेली पोर, तिने एकेक टाका सुईच्या टोकाने उचलून, दोरा न तोडता, खिसा उसवला. मावशी दारात उभी होती.  आत पिवळा पट्टा निघाला तर या पोरीला मी काय तोंड दाखवणार होते?

भिंगरीने डोळे मिटले आणि फोटो बाहेर काढून माझ्या हातात दिला. "तू आधी बघ."

मी पडद्याची कड बाजूला केली. आई होती. पूर्ण होती. कपाळावरची आठी, थकलेले डोळे, वरच्या ओठाजवळचा तीळ, सगळं. ती कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. मी शंभरदा सांगितलं होतं इकडे बघ म्हणून, पण ती लेकीकडे बघत होती.

"आहे," मी म्हटलं. "उघड डोळे."

तिने बघितलं. खूप वेळ बघितलं. तिळावर बोट ठेवलं. रडली नाही, हसलीही नाही. मग विचारलं, "आता उजेड लागला तर पुसणार नाही?"

"नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"मग रात्री दिवा लावला तर चालेल?"

मला उत्तर द्यायची वेळच आली नाही. मावशी दारातून आत आली, भर दुपारी, बाहेर लख्ख ऊन असताना, आणि तिने खोलीतला दिवा लावला. मग पडदाही बाजूला सारला. मग भिंगरीच्या शेजारी खाली बसली आणि बहिणीच्या फोटोत तोंड घालून हमसाहमशी रडायला लागली. भिंगरीने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मावशी, हलवू नको ना फोटो."

निघायच्या आधी मी भिंगरीचा एक फोटो काढला. खरं तर जीभ होती, पण तिला ते पटेना. तिने फ्रॉक घेतला, खिसा उघडून कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरला, फोटो आत घेतला आणि वर हात ठेवून बसली. "किती वेळ?" या वेळी मी नीट सांगितलं. मावशी चहा करते, तो पिऊन झाला की काढायचा.

त्याच्या पुढच्या महिन्यात मी तो फोटो शिट्टीच्या हातात दिला. तिने मागे शिक्का मारला आणि स्वतः जाऊन शिवणवालीला बोलावून आणलं. त्यात भिंगरी बसली होती, हातात आईचा फोटो, मागे भिंतीवर जळता दिवा आणि खिडकीत ऊन.

तिने आधी लेकीला बघितलं. मग लेकीच्या हातातला स्वतःचा चेहरा बघितला, आणि तिचे खांदे एकदम खाली आले, ओझं उतरवल्यासारखे. मग तिने विचारलं, "काकू, भर दुपारी दिवा कशाला लावलाय?"

"तुला काय करायचंय? बिल तुझ्या बहिणीला येतं," मी म्हटलं. पण ते काही मला जमलं नाही, आवाज फाटला. मग मी तिच्या शेजारी बाकावर बसले आणि तिला सगळं सांगितलं, उशीखालच्या फ्रॉकपासून सुईपर्यंत. मावशीने पुढच्या भेटीचा दिवस विचारून घेतला होता, तेही सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. वर ट्यूबलाइट जळत होत्या. तिने फोटो पालथा केला, छातीशी धरला आणि त्याच्यावर दोन्ही हात ठेवले, भिंगरीने खिशावर ठेवले होते तसे.

"अगं, आता उजेडाने काही होत नाही त्याला," मी म्हटलं.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि घंटा होईपर्यंत तिने हात काढले नाहीत.